निळ्या बादलीची सात बारशी

वृषालीला निळी बादली सात वेळा मिळाली होती, आणि सातही वेळा पहिल्यांदाच.

एकदा ती नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होती. चिन्ह बादली, मतं अकरा. एकदा महाबळेश्वरच्या घाटात एका माकडानं तिच्या डोक्यावर बादली उपडी घालून पळ काढला होता. एकदा तिच्या रुखवतात, सात थरांच्या लाडवांशेजारी, कुणीतरी थट्टेनं बादली मांडली होती आणि सासूबाईंनी ती मुकाट्यानं उचलून देवघराशेजारी ठेवली होती. अशा सात आठवणी. साऱ्या लख्ख. अकरा मतं आठवली की अजून तिची कानशिलं तापत.

म्हणूनच एका सकाळी तिनं शेजारच्या देवकुळ्यांना फाटकाशी गाठलं. "तुमच्या घरात चार मतं आहेत. मग अख्ख्या वॉर्डात मला अकराच कशी पडली?"

देवकुळ्यांनी हातातली दुधाची पिशवी कट्ट्यावर ठेवली. "वहिनी, तुम्ही कधी उभ्या होतात?"

वृषालीनं तोंड उघडलं. साल आठवेना. महिनाही आठवेना. प्रचाराच्या फलकाचा रंग तेवढा आठवत होता.

"चहा घेणार का आत येऊन?" देवकुळे जपून म्हणाले. आजारातून उठलेल्या माणसाशी बोलतात त्या आवाजात.

आजार खराच होता. आठ महिन्यांपूर्वी तिचं हृदय बंद पडलं होतं आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झालं होतं. हृदयाला त्या पाच मिनिटांचं काही वाटलं नाही, मेंदूला वाटलं. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आठवणींचे सुटे तुकडे, वास, चेहरा, जागा, आवाज, एकत्र बांधून देणं हे त्याचं काम. त्याला प्राणवायूची कमतरता सगळ्यांत आधी जाणवते. वृषालीचे तुकडे जागेवर राहिले होते, पण बांधणारे दोरे तुटले होते. तिला स्वतःची मुलगी ओळखू येत होती, मात्र मुलीच्या वाढदिवसाची एकही संध्याकाळ आठवत नव्हती.

साताऱ्यातल्या ज्या छोट्या रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले, तिथं या उपचाराला 'विणकाम' म्हणत. यंत्र रुग्णाची पत्रं, फोटो, निरोप, वर्षानुवर्षांचं ऑनलाइन लिखाण वाचून काढतं. त्यातून एकेका प्रसंगाचा सांगाडा तयार करतं. मग रुग्णाला तो प्रसंग ऐकवत आणि दाखवत असतानाच, कवटीबाहेरून सूक्ष्म चुंबकी स्पंदनं देऊन तो समुद्रघोडा जागा करतं. पुढचं काम मेंदू स्वतः करतो. सांगाड्यावर तो आपल्याकडचे तुकडे चढवतो. कोणते, ते यंत्राला ठाऊक नसतं.

"खोट्या आठवणी आत शिरल्या कशा, ते सापडलं," डॉक्टर फरीदा मुजावर म्हणाल्या. देवकुळ्यांच्या प्रसंगानंतर वृषाली आणि तिची मुलगी ईशानी त्यांच्यासमोर बसल्या होत्या. डॉक्टर वृषालीपेक्षा वीस वर्षांनी लहान. बोलताना पेनाचं टोपण काढायच्या आणि परत लावायच्या. "ताई, 'दगडफूल मंडळ' म्हणजे काय?"

दगडफूल मंडळ हा तीनशे माणसांचा एक ऑनलाइन कट्टा होता. मसाल्यात घालतात ते दगडफूल आणि त्याची शेकडो भावंडं, म्हणजे खडकांवर, भिंतींवर, झाडांच्या सालींवर वाढणारी ती पापुद्र्यासारखी बुरशी-शैवालाची जोडगोळी, हा मंडळींचा छंद. फोटो टाकायचे, जाती ओळखायच्या, भांडायचं. खरी नावं तिथं कुणी वापरत नसे. वृषालीचं नाव होतं 'निळी बादली'.

"आणि बारसं?"

"ते मी सांगते," ईशानी म्हणाली. तिनं आदल्या दिवशी सगळं वाचून काढलं होतं. "सभासद ज्या तारखेला मंडळात आला, त्या तारखेला दर वर्षी त्याच्या टोपणनावाचं बारसं करतात. बाकीचे ते नाव कसं पडलं याच्या गोष्टी रचतात. शुद्ध थापा. सभासदानं एक निवडायची, ती वर्षभर खरी. नियम दोनच. खरं कारण कधीही सांगायचं नाही. आणि निवडलेल्या गोष्टीखाली लिहायचं, 'हो, अगदी असंच झालं', आणि आपल्या पदरचे दोन तपशील घालायचे."

डॉक्टरांनी टोपण लावलं. "यंत्र प्रत्येक मजकुराला विश्वासांक देतं. दुसऱ्यानं लिहिलेल्याला कमी, फोटोला जास्त. सगळ्यांत जास्त कशाला, तर रुग्णानं स्वतः, पहिल्या पुरुषात, तपशिलासह दुजोरा दिलेल्या गोष्टीला. तुम्ही सात वर्षं सात गोष्टींना दुजोरा दिलाय."

"थट्टेत," वृषाली म्हणाली.

"थट्टेचा अंक यंत्राला लावता येत नाही. इतक्या शिस्तीत थट्टा करणारी माणसं त्याला आधी भेटली नव्हती."

ईशानीला हसू आलं. वृषालीला आलं नाही. तीस वर्षं तिनं सरकारी बीजपरीक्षण केंद्रात काम केलं होतं. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, सातव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि उगवले किती, कुजले किती, ते मोजायचं. आता तिच्या डोक्यात कुणीतरी मोजल्याशिवाय पेरणी केली होती.

"काढून टाका ना मग," ती म्हणाली.

"काढता येतात. आठवण दर वेळी आठवली की थोडी मऊ होते आणि पुन्हा घट्ट बसते. ती मऊ असताना एक औषध दिलं की बसत नाही, विरून जाते. पण विणलेल्या आठवणींच्या बाबतीत हे नव्वद दिवसांपर्यंतच जमतं. तुमचा आज एकाहत्तरावा आहे."

"आणि नाही काढल्या तर?"

डॉक्टरांनी टोपण पुन्हा काढलं. "मागच्या भेटीत तुम्ही म्हणालात, आईचा चेहरा धरता येत नाही."

वृषालीनं मान हलवली. घरात आईचे फोटो होते, म्हातारपणचे. पण फोटोतला चेहरा हलत नव्हता. कराडच्या घरातली, तिच्या लहानपणची आई तिला दिसायची ती पाठमोरी, आणि दर आठवड्याला थोडी अधिक पुसट.

"लहानपणाला डोक्यात घर एकच असतं ताई. तुमच्या त्या घरात आता दुसरे भाडेकरू राहायला आलेत. ते राहिले, तर आधीचे जातील. मी तर म्हणेन, सातही काढू."

"पण सातातली एक खरी असली तर?"

"कोणती?"

"पाण्याच्या रांगेची," वृषाली म्हणाली. "माझ्या भावाची."

ईशानीनं आईकडे पाहिलं. "आई, तुला भाऊ नाहीये."

"मला माहीत आहे," वृषाली म्हणाली. आणि लगेच, "माहीत आहे का?"

*

घरी येऊन तिनं वही काढली. सातही आठवणींना तेच पाच प्रश्न विचारले. वास कोणता. पायाखाली काय. सावली कुठल्या बाजूला. हातात काय. अंगावर कुठं दुखतंय.

सहा आठवणी या प्रश्नांत कुजल्या. माकडाच्या आठवणीत घाट होता, पण पायाखाली काहीच नव्हतं. निवडणुकीत हार होते, वास नव्हता. रुखवतात तर तिला स्वतःचे हातही नव्हते.

सातवी उगवली. पाचही प्रश्नांना उत्तरं आली.

ती सात वर्षांची आहे. उन्हाळा, उघडंबोडकं गाव. वडाखाली टँकरची वाट बघत भांड्यांची रांग लागलीय. माणसं घरी गेलीत, भांडी त्यांच्या वतीनं नंबर धरून उभी आहेत. तिची निळी बादली बारावी. बादली वाऱ्यानं उडू नये म्हणून आत धोंडा. धाकटा भाऊ पाच वर्षांचा, त्याला तिनं बादलीशी उभं केलंय. "मी घागर घेऊन येते. बादली सोडायची नाही." ती घरी जाते. यायला उशीर होतो. येते तेव्हा टँकर आलाय, गलका चाललाय, आणि हा पठ्ठ्या बादलीला दोन्ही हातांनी मिठी मारून रांगेच्या तोंडाशी पोचलाय. तिला बघतो, रागानं लाल होतो आणि तिच्या डाव्या दंडाला कडकडून चावतो.

वृषालीनं बाही वर सारून दंड पाहिला. गेल्या दोन महिन्यांत कितव्यांदा, कोण जाणे. दंडावर काही नव्हतं.

"आई, ही तिसऱ्या बारशाची गोष्ट आहे," ईशानी पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "'अर्धा टायर' नावाच्या सभासदानं लिहिलीय. चावण्यासकट. तू खाली लिहिलंयस, 'हो, अगदी असंच झालं. बादलीचा दांडा तुटका होता, मी सुतळी बांधली होती.' झालं ना मग सिद्ध?"

"त्यात उशीर का झाला, ते आहे?"

ईशानीनं पुन्हा वाचलं. "नाही. 'मला यायला जरा वेळ झाला', एवढंच."

"मला कारण आठवतंय."

"काय?"

"चपलेचा पट्टा तुटला. एका बाईनं मला ओट्यावर घेऊन तो लावून दिला. मग मी पळत आले." तिनं पडदा स्वतःकडे वळवला. "हे यंत्रानं सांगितलं नाही, गोष्टीत नाही, मीही लिहिलं नाही. मग आलं कुठून?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, मेंदू भरतो."

"मेंदू हवेतून भरत नाही, ईशानी. असलेलंच भरतो."

ईशानी कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे माझा एक मामा कुठंतरी बादली धरून उभा आहे आणि तुम्ही कुणी मला सांगितलं नाही."

"मी गमतीत बोलत नाहीये."

"मीही नाही. मला काही कळेनासंच झालंय."

दुसऱ्या दिवशी वृषालीनं 'अर्धा टायर'ला निरोप पाठवला. सगळं लिहिलं, सावकाश, परिच्छेद पाडून. चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी दोन ओळी आल्या: 'मी फलटणला असतो. फोनवर नको. तुम्हाला प्रवास झेपत असेल तर या, नाहीतर मी येतो.'

*

मायलेकी शहाऐंशीव्या दिवशी फलटणला गेल्या. 'अर्धा टायर' म्हणजे अंकुश वाघमोडे, वय सहासष्ट, एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक. मूळचा लातूरकडचा. उंच, काटक, शर्टाच्या खिशाला भिंग अडकवलेलं. सून चहा ठेवून गेली. अंकुशनं सुरुवातीला दगडफुलांचे नमुने दाखवले. रांजणाच्या कडेवरचा एक नारिंगी पापुद्रा त्यानं भिंगाखाली धरला.

"हे राहू द्या अंकुशराव," वृषाली म्हणाली. "ती गोष्ट तुम्हाला कुठं मिळाली?"

अंकुशनं भिंग खिशात ठेवलं.

"ताई, बारशाला लोक काय लिहितात, माकडं, सर्कस. मला तसलं सुचत न्हाई. तुमचं नाव बादली. मला बादली म्हणलं की एकच आठवतं. ते लिहिलं. फक्त मुलीच्या बाजूनं लिहिलं."

"म्हणजे मुलगा तुम्ही."

"मी. ती माझी बहीण, चंद्री. आणि बादली निळी नव्हती बरं का. पत्र्याची होती. तुमच्या नावासाठी रंगवली."

दोन महिने वृषालीनं जो भाऊ सांभाळला होता, तो म्हातारा होऊन समोर बसला होता आणि तिचा कुणी नव्हता.

"त्या आहेत का?" ईशानीनं विचारलं. "चंद्राताई?"

"न्हाईत." अंकुश खिडकीकडे बघत राहिला. "गोष्टीत ती परत येते. ते मी लिहिलेलं. खरं म्हणजे आली नव्हती. टँकर आला, रांगेशी लावायला मागं घेतला, ती नेमकी मागून पळत येत होती. डायवरला दिसली न्हाई. सगळे तिकडं पळाले. रांग मोडली. मला काय कळंना. तिनं सांगितलं होतं, बादली सोडायची न्हाई, म्हणून मी सोडली न्हाई. नंतर कुणीतरी मला उचललं, तर बादलीसकट उचलावं लागलं म्हणतात."

आत कुकरची शिट्टी झाली.

"आणि चावणं?" वृषालीनं हळूच विचारलं.

"ती आली असती तर चावलो असतो. लई राग आलता मला." तो किंचित हसला. "ते तुमच्याकडं आहे म्हणता."

"इथं." तिनं दंडावर बोट ठेवलं. "तुमचा खालचा एक दात पडलेला होता. त्यामुळे मध्ये एका जागी लागलं नाही."

अंकुशनं खालच्या ओठावरून अंगठा फिरवला. तो दात त्या उन्हाळ्यात पडला होता की नव्हता, त्यालाही आठवत नसावं. त्यानं विचारलंही नाही. वृषालीला मात्र बोलून झाल्यावर कसंतरी वाटलं. हा दात गोष्टीत नव्हता. तोही तिच्याच मेंदूनं कुठून तरी आणला होता.

"ताई, एक विचारू?" अंकुश खुर्चीच्या कडेवर आला. "घर चार दारं सोडून होतं. घागर घेऊन यायला किती वेळ लागतो? आणि ती गेली ती गेलीच. लवकर आली असती तर रांगेत असती, टँकरच्या म्होरं. तिला उशीर का झाला, हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं न्हाई. आईला विचारलं, ती रडायची. तुम्ही निरोपात लिहिलंत, उशिराचं कारण आठवतंय."

ईशानीनं आईच्या हाताला स्पर्श केला. सांगू नको, असा असावा, किंवा सांग, असा. वृषालीला कळलं नाही. समोर बसलेल्या माणसाला एक वाक्य हवं होतं, आणि ते तिच्याजवळ होतं. खरं नव्हतं. पण नुसतं खोटंही वाटत नव्हतं.

"कारण सांगते," ती म्हणाली. "पण ते चंद्राताईंचं नाही. माझ्या मेंदूनं ती मोकळी जागा माझ्याच कशानं तरी भरलीय. कशानं, ते मला ओळखू येत नाही. एवढं लक्षात ठेवून ऐकाल?"

"ऐकतो."

"घागर काखेत आहे. पळताना चपलेचा पट्टा तुटतो. एका ओट्यावर एक बाई बसलीय, ती हाक मारते. मला वर बसवते, घागर बाजूला ठेवते. बांगडीत अडकवलेली पिन काढते, दातांत धरते. मनगटावर तेलाचा डाग आहे, भाजल्याचा, पानासारखा. ऊन तिच्या पाठीशी आहे, त्यामुळे चेहरा नीट दिसत नाही. मी चुळबुळ करते. ती पिन दातांत तशीच ठेवून म्हणते, 'हलू नकोस. टोचलं तर मग मला बोलायचं नाही.'"

"आई," ईशानी म्हणाली.

"थांब. मग ती पट्टा..."

"आई, ती आजी आहे."

"माझी आई?" वृषालीनं विचारलं.

"शाळेच्या गॅदरिंगला मला साडी नेसवायची तेव्हा दर वेळी हेच. पिन दातांत, आणि 'टोचलं तर मग मला बोलायचं नाही'. मनगटावर पान. दिवाळीच्या चकल्यांचं तेल उडालं होतं, तू जन्मायच्या आधी. हे तूच मला सांगितलंयस."

वृषालीनं डोळे मिटले. लातूरकडच्या त्या अनोळखी गावात, अनोळखी ओट्यावर, आई बसली होती. म्हणून ओळखू आली नव्हती. रोजच्या वाण्याला दुसऱ्या गावच्या लग्नात पाहिलं की पटकन नाव आठवत नाही, तसं. ती वाकलेली होती, तिशीतली, केस सुटलेले. आणि हलत होती. वृषालीनं मान जराशी वाकडी केली, डोक्यातल्या त्या मुलीनं करावी तशी, आणि उन्हाच्या कडेनं आईचा चेहरा दिसला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळे उघडले तेव्हा चहावर साय धरली होती.

"म्हणजे कारण तुमचं आहे," अंकुश म्हणाला.

"हो. मला माफ करा. चंद्राताईंना का उशीर झाला, ते मला माहीत नाही. कधीच कळणार नाही."

"चंद्रीला चपलाच नव्हत्या," अंकुश म्हणाला. "मी मगाचच ओळखलं. पट्टा म्हणालात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"ऐकायचं होतं." त्यानं कप बशीत नीट मधोमध ठेवला. "डेपोत एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसवायचो आम्ही. नोंद करायची, ह्या गाडीचा काढला, त्या गाडीला लावला. पार्ट चोरीचा न्हाई आणि गाडी खोटी न्हाई. रस्त्यावर पळते ती खरीच पळते." तो पुढे वाकला. "तुमच्याकडं तिला चपला आहेत. आणि उशीर झाला तेव्हा ती कुणाजवळ तरी बसली होती."

'तसं नाही,' असं वृषालीच्या ओठांवर आलं. तसं नव्हतंच. एक मृत मुलगी आणि एक मृत आई एका सदोष सांगाड्यात शेजारी आल्या होत्या, इतकंच. हे तिनं त्याला आधी सांगितलं होतं, आणि त्याला कळलंही होतं. दुसऱ्यांदा सांगायची गरज तिला दिसेना.

"चार दिवसांत त्या काढणार आहेत ना?" अंकुशनं विचारलं. "डॉक्टर?"

"सगळ्या काढा म्हणतात."

"मग काढा. माझ्यासाठी ठेवू नका ताई. मला मिळालं ते मिळालं." मग उठता उठता म्हणाला, "पण निळी बादली हे नाव खरं कशावरून घेतलं होतं तुम्ही?"

"कुणालाच सांगितलं नव्हतं," वृषाली म्हणाली. "नियमच होता. आता मलाही माहीत नाही."

*

परतीच्या गाडीत, लोणंद गेल्यावर, ईशानी म्हणाली, "ती काढली तर आजी जाणार. ठेवली तर?"

"ठेवली तर कायमची. मला मरेपर्यंत लातूरकडचं बालपण आठवत राहील. तिथल्या वडाखाली एक भाऊ. कराडचं सातवं वर्ष उरेल की नाही, सांगता येत नाही. उरलंच तर दोन्ही उरतील, आणि मला दर वेळी ठरवत बसावं लागेल, यातलं माझं कोणतं."

"भीती वाटते?"

"घोटाळ्याची वाटते. तीस वर्षं मी उगवलेले आणि कुजलेले वेगळे केले. यात एकाच दाण्यात दोन्ही आहे."

"मग काय करणार?"

वृषालीनं वही काढली, उघडली, आणि काही न लिहिता मिटली.

नव्वदाव्या दिवशी ती ठरल्या वेळी रुग्णालयात गेली. डॉक्टर फरीदांनी औषध दिलं आणि एकेक आठवण शेवटची आठवायला सांगितली. निवडणूक. अकरा मतं. कानशिलं एकदा तापली आणि थंड झाली. मग माकड, मग रुखवत. सासूबाई बादली उचलताना किंचित हसल्या होत्या, ते जाताना वृषालीला जरा वाईट वाटलं. पुढच्या क्षणी कशाचं वाईट वाटलं होतं, ते सांगता येईना. दुपारपर्यंत सहा संपल्या.

"सातवी," डॉक्टर म्हणाल्या.

"ती राहू द्या."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "ताई, आजनंतर हे मला उलटवता येणार नाही. तुम्हाला कायमचा एक भाऊ राहील, जो नाही."

"आहे की," वृषाली म्हणाली. "फलटणला आहे."

"तुम्हाला मी काय म्हणतेय ते कळतंय ना?"

"सगळं नाही कळत. पण तुम्ही लिहा, की रुग्णानं समजून उमजून नकार दिला. तेवढं खरं आहे."

डॉक्टरांनी लिहिलं.

त्यानंतर आईला पाहावंसं वाटलं, की वृषालीला त्या ओट्यावर जावं लागतं. दुसरीकडे कुठंच आई इतकी स्पष्ट नाही. ऊन तापलेलं असतं, घागर शेजारी असते. आई बांगडीतली पिन काढते, दातांत धरते, मनगटावरचं पान वळतं. वृषालीला वाटतं, आता इथंच बसावं. आईनं पट्टा चुकीचा बसवावा, पुन्हा उसवावा, पुन्हा बसवावा. पण पट्टा दर वेळी पहिल्याच खेपेला नीट बसतो. आई पायावर हलकी चापट मारून "जा" म्हणते. वृषाली सात वर्षांची असते. वळून आईकडे एकदा नीट बघायचं तिला सुचत नाही. ती घागर उचलते आणि पळत सुटते, कारण टँकर आलेला असतो आणि तिकडं अंकुश एकटा बादली धरून उभा असतो.